हिरड्यांचा रोग: दावा किती, पुरावा किती

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हिरड्यांच्या रोगाशी जोडल्या गेलेल्या आजारांची यादी वाढतच गेली आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे, संधिवात, न्यूमोनिया, मूत्रपिंडाचे विकार, स्मृतिभ्रंश, काही कर्करोगसुद्धा. दवाखान्यातली भित्तिपत्रके, टूथपेस्टच्या जाहिराती आणि वर्तमानपत्रांतली आरोग्यसदरे ही यादी एका दमात सांगतात आणि हृदय जपायचे तर हिरड्या जपा, असा सल्ला देऊन मोकळी होतात. या यादीतली प्रत्येक नोंद सारख्या वजनाची नाही. काहींच्या मागे भक्कम प्रयोग आहेत, काहींच्या मागे फक्त दोन गोष्टी एकत्र आढळल्याची निरीक्षणे आहेत, आणि काहींची खरी कसोटी घेतली तेव्हा उत्तर नकारार्थी आले. हे सगळे एकाच गाठोड्यात बांधल्याने दोन प्रकारे नुकसान होते. जे सिद्ध झाले आहे त्यावरही लोक संशय घेऊ लागतात. आणि हिरड्यांचा रोग हा मुळातच गंभीर रोग आहे, त्याला महत्त्व यावे म्हणून हृदयाची साक्ष काढण्याची गरज नाही, हे विसरले जाते. माझ्या मते हिरड्यांकडे आजच लक्ष द्यायला दोन कारणे पुरेशी पक्की आहेत: दात जाणे आणि मधुमेह. सार्वजनिक आरोग्याचे धोरण या दोहोंवर उभे करावे. बाकीच्या दाव्यांचे संशोधन जरूर चालू राहावे, पण त्यांच्या नावाने लोकांना भीती घालू नये.

रोगाची सुरुवात होते ती दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या अरुंद खाचेत. दातावर जिवाणूंचा चिकट थर रोज साचतो. कितीही चुळा भरल्या तरी तो जात नाही, घासूनच काढावा लागतो. तसाच राहिला तर हिरडी लाल होते, सुजते आणि ब्रश लागताच तिच्यातून रक्त येते. थर आणि सूज यांचे नाते एका अगदी सरळ प्रयोगाने दाखवून दिले आहे. डेन्मार्कमधल्या आरहुस येथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. 10 ते 21 दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. 1965 मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग लहान होता, तरी त्यातून निघालेला निष्कर्ष आजवर टिकून आहे. कारण उत्पन्न केले तेव्हा रोग झाला आणि कारण दूर केले तेव्हा रोग गेला. पुढे हृदय, गर्भ आणि मेंदू यांच्याविषयीचे दावे तपासताना हाच निकष हाताशी ठेवायचा आहे.

सूज वरवर आहे तोवर ती अशी परतवता येते. ती खोल उतरली की गोष्ट बदलते. निरोगी दाताभोवतीची खाच 1 ते 3 मिलिमीटर खोल असते. रोग वाढला की हिरडी दातापासून सुटत जाते आणि त्या खाचेचा पाच, सहा, कधी आठ मिलिमीटर खोल कप्पा होतो. तिथवर ब्रश पोचत नाही. साचलेला थर कडक होऊन मुळाला कीटण धरते, दाताला जबड्याशी बांधणारे तंतू तुटतात आणि दाताभोवतीचे हाड झिजू लागते. हे हाड थेट जिवाणू खातात असे नाही. त्यांच्याशी लढणारी आपली प्रतिकारयंत्रणा वर्षानुवर्षे चेतलेली राहते आणि त्या चकमकीत स्वतःच्याच हाडाची हानी करून घेते. एकदा झिजलेले हाड स्वच्छतेने परत येत नाही. उपचाराने झीज थांबवता येते, काही ठिकाणी शस्त्रक्रियेने थोडे हाड भरून काढता येते, एवढेच. आणि बहुतांश काळ यात काहीही दुखत नाही. किडलेला दात ठणकून माणसाला दवाखान्यात नेतो, हिरडी नेत नाही. त्यातून माणूस विडी-सिगारेट ओढणारा असेल तर रक्त येण्याची खूणसुद्धा मंदावते. हिरडी वरून फिकट, घट्ट आणि बरी दिसते आणि आत हाड अधिक वेगाने जात असते. जुन्या वैद्यांनी हा रोग नीट पाहिला होता. सुश्रुतसंहितेत दंतमूलाचे म्हणजे हिरड्यांचे 15 रोग सांगितले आहेत. त्यांतल्या उपकुशाची लक्षणे म्हणजे हिरड्यांची आग, जरा धक्का लागताच रक्त, हलणारे दात आणि तोंडाची दुर्गंधी. आपल्याकडे पायोरिया म्हणून जो ओळखला जातो, तो रोग या वर्णनात सहज ओळखता येतो.

घाण साचली की सगळ्यांचेच दात जातात का? याचे उत्तर पुन्हा लो यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात मिळते. 1970 पासून त्यांच्या गटाने श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या 480 तमिळ मजुरांची पाहणी सुरू केली. या लोकांना ब्रश माहीत नव्हता, दंतवैद्यही नव्हता. जवळपास प्रत्येकाच्या दातांवर थर आणि कीटण भरपूर होते. 15 वर्षांच्या पाहणीअंती त्यांचे तीन गट पडले. सुमारे 8 टक्के लोकांत रोग झपाट्याने वाढला आणि दात लवकर गेले. 81 टक्क्यांत तो मध्यम गतीने वाढला. उरलेल्या 11 टक्क्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या, पण रोग त्यापुढे गेलाच नाही. अस्वच्छता सारखी असूनही नशीब वेगळे. म्हणजे थर हे आवश्यक कारण झाले, पुरेसे नाही. माणसाची प्रकृती, आनुवंशिकता, तंबाखू, रक्तातली साखर यांवर पुढचे ठरते. जिवाणूंच्या बाजूनेही चित्र गुंतागुंतीचे आहे. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जिवाणू संख्येने थोडा असतो, पण प्रतिकारशक्तीची दिशाभूल करून तो आधी निरुपद्रवी असलेल्या साऱ्या वस्तीलाच रोगट बनवतो, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. प्रत्येकाला रोग सारखा होत नाही, हे कळणे उपचारापेक्षाही धोरणासाठी महत्त्वाचे आहे. झपाट्याने खचणारे ते थोडे लोक वेळेत हुडकून काढायचे, हे पहिले काम ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात 100 कोटींहून अधिक लोकांना हा रोग तीव्र स्वरूपात आहे. 15 वर्षांवरील लोकसंख्येच्या सुमारे 19 टक्के. आपल्याकडे मात्र 90 टक्के भारतीयांना हिरड्यांचा रोग असल्याचे वाक्य सर्रास ऐकू येते. त्याचे मूळ 2002-03 च्या राष्ट्रीय पाहणीत असावे, जिच्यात 35 ते 44 वयोगटातल्या सुमारे 90 टक्के लोकांच्या हिरड्यांत काही ना काही बिघाड नोंदला गेला होता. पण त्या बिघाडात नुसते रक्त येणे आणि नुसते कीटणही मोजलेले आहे. हाड झिजलेले लोक त्याचा एक भाग आहेत. हा आकडा असा मोघम वापरला की ऐकणाऱ्याला वाटते, सगळ्यांनाच आहे तर मग काय मोठेसे! रोगाची व्याप्ती फुगवून सांगितल्याने त्याचे गांभीर्य कमीच होते.

म्हातारपण आले की दात जाणारच, हा या बाबतीतला सर्वांत जुना आणि सर्वांत घट्ट आक्षेप. दिसायला तो खरा वाटतो, कारण वयाबरोबर दात जाण्याचे प्रमाण खरोखरच वाढते. पण वय इथे कारण म्हणून काम करत नाही. वर्षांची झीज साठत जाते आणि तिचा हिशेब उतारवयात चुकता होतो. जपानने 1989 मध्ये वयाच्या 80 व्या वर्षी किमान 20 दात स्वतःचे असावेत अशी मोहीम सुरू केली. तेव्हा अगदी थोडे वृद्ध त्या निकषात बसत होते. 2016 च्या राष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून अधिक, 51 टक्के वृद्ध बसले. एका पिढीत माणसाचे म्हातारपण बदलत नाही, सवयी आणि सेवा बदलतात. वीस दातांचा आकडा अशासाठी निवडला की तेवढे दात असले तर बहुतेक सर्व अन्न चावता येते. दात गेलेल्या माणसाच्या ताटातून आधी काय जाते ते पाहावे: भाकरी, कच्ची काकडी, गाजर, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे, पेरू. उरतो तो मऊ भात, पाव, चहात बुडवलेले बिस्किट. ज्याला साखर टाळायची आहे आणि प्रथिने वाढवायची आहेत त्याच्यावरच हे जेवण लादले जाते. कवळीने चेहरा सावरतो, पण चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या बरीच खाली राहते आणि ग्रामीण भागात चांगली बसणारी कवळी मिळणे हीच एक खटपट असते. तोंडाची दुर्गंधी, हलणाऱ्या दातांमुळे चारचौघांत जेवायचा संकोच, हसताना तोंडावर जाणारा हात, यांनाही मी रोगाचेच परिणाम मानतो. दात आणि त्यांच्याबरोबर जाणारे अन्न, एवढे नुकसान या रोगाची दखल घ्यायला पुरेसे आहे.

तोंडातून साऱ्या शरीराला रोग होतो, ही कल्पना नवी नाही आणि तिचा इतिहास सावध करणारा आहे. अमेरिकी दंतवैज्ञानिक विलोबी मिलर यांनी 1891 मध्ये तोंड हे संसर्गाचे केंद्र असल्याची मांडणी केली. ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी 1900 नंतर तोंडातल्या सडक्या दातांवर पंडुरोगापासून संधिवातापर्यंत अनेक आजारांचा ठपका ठेवला. अमेरिकेत या विचाराने जोर धरला आणि काही दशके निरोगी वाटणारे दातही शरीर शुद्ध करण्याच्या नावाखाली उपटले गेले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन तर वेड हे लपलेल्या संसर्गाचे फळ आहे असे मानत. त्यांनी रुग्णांचे दात काढले, गलग्रंथी काढल्या, आतड्याचे भाग कापले. पोटाच्या त्या शस्त्रक्रियांत दहातले तीन किंवा त्याहूनही अधिक रुग्ण दगावले, आणि तरीही बरे होण्याच्या मोठमोठ्या आकड्यांचे दावे चालू राहिले. 1938 मध्ये सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या 200 रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा दात किंवा गलग्रंथी काढून काही लाभ झाल्याचे दिसले नाही. हळूहळू ही लाट ओसरली. ओसरताना तिने दंतवैद्यक आणि बाकीचे वैद्यक यांच्यात असा अबोला निर्माण केला की पुढची पन्नास वर्षे तोंड आणि शरीर यांच्या नात्याचा विषय काढणेही हलके समजले गेले. अतिदाव्याची किंमत आधी रुग्णांनी दिली, मग संशोधनाने.

विषय पुन्हा उघडला तो फिनलंडमधून. 1989 मध्ये तिथल्या संशोधकांनी हृदयविकाराचा झटका आलेले 100 रुग्ण आणि तुलनेसाठी घेतलेले 102 लोक यांच्या तोंडांची तपासणी केली. झटका आलेल्यांच्या तोंडाची स्थिती वाईट निघाली. 1993 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत हिरड्यांचा रोग असलेल्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे 25 टक्के अधिक आढळला. त्यानंतर अशा अभ्यासांचा ओघ लागला आणि बहुतेकांचा सूर तोच राहिला. यंत्रणाही पटण्याजोगी आहे. खोल कप्प्यांची आतली बाजू म्हणजे उघडी जखमच. ती तळहाताएवढी असते असे नेहमी सांगतात, पण मोजून पाहिल्यावर सरासरी 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे फार तर आगपेटीच्या वरच्या बाजूएवढी. एवढ्या जखमेतून चावताना आणि घासताना जिवाणू रक्तात उतरतात, आणि यकृतातून दाहदर्शक प्रथिनेही अधिक स्रवतात. रोहिणीच्या भिंतींतल्या चरबीच्या थरात तोंडातल्या जिवाणूंचे अंश सापडले आहेत.

पण इथेच थांबून विचार करायला हवा. ज्याच्या हिरड्या खराब तो बहुधा धूम्रपान करणारा असतो, गरीब असतो, त्याला मधुमेह असतो, त्याचे जेवण वाईट असते, आणि या सगळ्या गोष्टींनी हृदय स्वतंत्रपणेही बिघडते. आकडेशास्त्राने हे घटक वजा करता येतात, पण आयुष्यभराच्या धूम्रपानाचा हिशेब प्रश्नावलीतल्या दोन उत्तरांनी पुरता होत नाही. 1993 च्या त्याच पाहणीची माहिती 2000 मध्ये वेगळ्या पद्धतीने तपासली गेली तेव्हा खात्रीलायक नाते उरले नाही. लो यांचा निकष लावून विचारायचे तर: हिरड्या बऱ्या केल्याने झटके कमी होतात का? थेट उत्तर देणारी मोठी चाचणी अद्याप झालेली नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 120 रुग्णांपैकी निम्म्यांना हिरड्यांचे सखोल उपचार देण्यात आले. पहिल्या दिवशी त्यांच्या रक्तवाहिन्यांचे काम उलट बिघडले आणि दाह वाढला. सहा महिन्यांनी मात्र ते तुलनेच्या गटापेक्षा सुधारलेले दिसले. हा आशादायक पुरावा आहे, पण तो रक्तवाहिनीच्या लवचिकपणाचा आहे. झटके टळल्याचा नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्ये सगळा पुरावा चाळून हेच म्हटले: दोन रोग एकत्र आढळतात, पण एकामुळे दुसरा होतो किंवा एकावरच्या उपचाराने दुसरा टळतो हे सिद्ध नाही. मला हा निष्कर्ष आजही योग्य वाटतो. अपवाद एकच, आणि तो आपल्या देशात महत्त्वाचा आहे. रुमॅटिक तापाने ज्यांच्या हृदयाच्या झडपा खराब झाल्या आहेत किंवा ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे, त्यांच्या बाबतीत तोंडातले जिवाणू झडपेवर जाऊन बसू शकतात आणि तो संसर्ग जीवघेणा ठरतो. अशा माणसाने हिरड्या जपणे हा थेट हृदयाचाच उपचार आहे.

गर्भारपणाची गोष्ट याहून बोधक आहे, कारण तिथे कसोटी लागली. 1996 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने असे सुचवले की हिरड्यांचा रोग असलेल्या स्त्रियांची बाळे अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची जन्मण्याचा धोका अनेक पटींनी अधिक आहे. लगेच आशा निर्माण झाली: हिरड्या साफ करून अकाली बाळंतपणे टाळता येतील. 2006 मध्ये 823 गर्भवतींवरच्या चाचणीचा निकाल आला. गर्भारपणात उपचार केल्याने हिरड्या सुधारल्या, उपचार सुरक्षितही ठरले, पण अकाली बाळंतपणे कमी झाली नाहीत. 2009 मध्ये 1,800 स्त्रियांवरची आणखी एक चाचणी आली आणि तिनेही तेच सांगितले. ती चाचणी 1996 चा मूळ अभ्यास करणाऱ्या संशोधकाच्याच नेतृत्वाखाली झाली होती. स्वतःच्या कल्पनेची अशी परीक्षा घेण्याला प्रामाणिकपणा लागतो. उपचार गर्भारपणाच्या मध्यावर सुरू झाला, तो उशिरा होता, आधी केला असता तर उपयोग झाला असता, असा एक बचाव मांडला जातो. तो अशक्य नाही, पण ते सिद्ध होईपर्यंत गर्भवतीला बाळाच्या नावाने धाक घालण्याचा अधिकार कोणाला नाही. गर्भारपणात संप्रेरकांमुळे हिरड्या जास्त सुजतात, त्यांची काळजी घेणे सुरक्षित आहे आणि तिच्या स्वतःच्या दातांसाठी आवश्यक आहे. आईचे दात हे कारण पुरेसे मानायला आपण का कचरतो, हा प्रश्न मला जास्त टोचतो.

स्मृतिभ्रंशाबद्दल थोडक्यात. 2019 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत पोर्फिरोमोनासची विषारी प्रथिने सापडल्याची बातमी जगभर गाजली. त्या प्रथिनांना रोखणारे औषध तयार झाले, त्याची चाचणी झाली आणि 2021 मध्ये ती अपयशी ठरली. संधिवाताच्या बाबतीत कल्पना अधिक ठोस आहे, कारण हाच जिवाणू प्रथिनांमध्ये असा रासायनिक बदल घडवतो ज्याच्याविरुद्ध संधिवाताच्या रुग्णांचे शरीर प्रतिपिंडे बनवते. तरीही हिरड्यांच्या उपचाराने सांधे किती सुधारतात हे छोट्या चाचण्यांपलीकडे ठरलेले नाही. न्यूमोनियाचे तसे नाही. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षे चाललेल्या चाचणीत, ज्यांची तोंडे कर्मचारी रोज जेवणानंतर स्वच्छ करून देत त्यांच्यात न्यूमोनिया 11 टक्क्यांना झाला, इतरांत 19 टक्क्यांना. तोंडातली घाण श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरते, हा साधा मार्ग आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे तोंड पुसणे हे घरातल्या शुश्रूषेचे काम आहे आणि त्याला दंतवैद्याचीही गरज लागत नाही.

आता मधुमेह. इथे पुरावा दोन्ही दिशांनी आहे आणि दोन्हीकडून वापरता येतो. मधुमेहाने हिरड्या बिघडतात हे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात राहणाऱ्या पिमा आदिवासींच्या दीर्घ अभ्यासातून स्पष्ट झाले. या समाजात मधुमेह अतोनात आहे. मधुमेह असलेल्यांत हिरड्यांचा रोग नव्याने होण्याचे प्रमाण इतरांच्या 2.6 पट निघाले. रक्तातली साखर जास्त राहिली की पांढऱ्या पेशींचे काम बिघडते, दाह लांबतो, तंतूंची दुरुस्ती मंदावते. 1993 मध्ये लो यांनी आधीच्या पाच परिचित गुंतागुंतींच्या बरोबरीने हिरड्यांचा रोग ही मधुमेहाची सहावी गुंतागुंत मानावी असे सुचवले. उलट दिशेने, हिरड्यांतला दाह इन्सुलिनचा प्रभाव कमी करतो. आणि लो यांच्या निकषाला इथे उत्तर मिळते: हिरड्यांचा उपचार केला की साखर उतरते. 2022 मध्ये कोक्रेन संस्थेने 35 चाचण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार तीन-चार महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक, म्हणजे एचबीए1सी, 0.43 अंकांनी कमी झालेला असतो आणि सहा महिन्यांनी 0.30 अंकांनी. लंडनमध्ये 264 रुग्णांवर झालेल्या 2018 च्या चाचणीत सखोल उपचार वर्षभर चालू ठेवले तेव्हा फरक 0.6 अंकांचा पडला.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की 2013 मध्ये अमेरिकेत 514 रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत काहीच फरक दिसला नव्हता. खरे आहे. पण त्या चाचणीत उपचारानंतरही बऱ्याच रुग्णांच्या दातांवर थर आणि हिरड्यांत रक्तस्राव शिल्लक होता. हिरड्याच पुरत्या बऱ्या झाल्या नाहीत तर साखरेवर परिणाम का नाही, असे विचारता येत नाही. आणि कोक्रेनच्या बेरजेत अशा नकारार्थी चाचण्यांचेही वजन धरलेले आहे. दुसरा आक्षेप असा की अर्ध्या अंकाची घट ती काय? मधुमेहाचे दुसरे औषध सुरू केल्याने साधारणपणे जेवढा फरक पडतो त्याहून ही कमीच आहे, हे मान्य करावे लागेल. पण औषध आयुष्यभर विकत घ्यावे लागते आणि त्याचे दुष्परिणाम असतात. हिरड्यांच्या उपचाराने साखर अजिबात उतरली नसती तरी रुग्णाचे दात वाचले असते. एवढे मिळून पारडे कुठे झुकते हे स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाचे डोळे आणि पाय वर्षातून एकदा तपासावेत हे आपण निदान कागदावर मान्य केले आहे. हिरड्यांचा त्या कागदावर पत्ता नाही.

पत्ता नसण्याचे कारण वैद्यकीय कमी, व्यवस्थेचे जास्त आहे. दंतवैद्यक हा वेगळा व्यवसाय, त्याची वेगळी महाविद्यालये, 1948 पासून वेगळा कायदा, आता वेगळा आयोग. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, पण दंतवैद्य शहरांत दाटलेले आहेत आणि खेड्यातला मधुमेही ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या घ्यायला जातो तिथे त्याच्या तोंडात कोणी डोकावत नाही. खरे तर डोकावण्याची एक संधी हाती आहे. सरकारी कार्यक्रमानुसार 30 वर्षांवरील लोकांची मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाच्या कर्करोगासह काही कर्करोगांसाठी तपासणी होते. आशाताई घरोघर जाऊन तंबाखूच्या सवयीची नोंद करते, आरोग्य कर्मचारी गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का पाहतात. तोंड उघडलेलेच आहे, साखर मोजलेलीच आहे. त्याच वेळी हिरडी सुजली आहे का, दात हलतो का, रक्त येते का, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात. ज्याच्यात साखर आणि हिरडी दोन्ही बिघडलेल्या आढळतील त्याला आधी ग्रामीण रुग्णालयाच्या दंतविभागाकडे पाठवावे. सगळ्यांचे कीटण काढायला मनुष्यबळ नाही, हा आक्षेप इथे आपोआप निवळतो, कारण सगळ्यांचे काढायचेच नाही. श्रीलंकेच्या त्या 8 टक्क्यांसारखे झपाट्याने खचणारे आणि मधुमेही, यांच्यापासून सुरुवात करायची आहे. तपासून पुढे पाठवायला जागाच नसेल तर तपासणी व्यर्थ ठरते, हेही खरे. म्हणून ज्या तालुक्यात दंतविभाग चालू आहे तिथूनच आरंभ करावा.

महाराष्ट्रात या तपासणीला आणखी एक कारण आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातल्या प्रौढांपैकी जवळपास चौथा हिस्सा बिनधुराचा तंबाखू वापरताना आढळला. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. पण मशेरी घराघरांत भाजली जाते आणि ती व्यसन म्हणून गणलीच जात नाही, कारण ती दात घासण्याच्या नावाखाली वापरली जाते. सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे सांगणाऱ्या बायका तिच्याकडे राखुंडीसारखीच पाहतात. राखुंडीने दात झिजतात. मशेरीने तंबाखू हिरडीवर रोज चोळला जातो, हिरडी जागोजागी मागे सरते, मुळे उघडी पडतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच. या बायकांना तंबाखू खाता का, असे विचारले तर त्या नाही म्हणतात आणि ते उत्तर त्यांच्या परीने खरे असते. दात कशाने घासता, असे विचारावे लागते.

उरला तो दवाखान्याच्या दारातला आक्षेप: मशीनने दात साफ केले की दात हलायला लागतात, फटी पडतात. हा समज इतका पक्का आहे की अनेक जण एकदा स्केलिंग करून पुन्हा कधी जात नाहीत. यात निरीक्षण खरे आहे, अर्थ चुकीचा. हाड झिजलेला दात आधीच सैल असतो. कीटणाचा कडक सांगाडा शेजारच्या दातांना चिकटून त्याला तात्पुरता धरून ठेवतो, आणि सुजलेली हिरडी फट झाकते. कीटण काढले की सैलपणा कळतो, सूज उतरली की फट दिसते. पहिले काही दिवस थंड पाण्याने शिणशिणतेही. पण पुढच्या काही आठवड्यांत हिरडी दाताला घट्ट बसते आणि बऱ्याच दातांचा सैलपणा कमी होतो. हे उपचारानंतर सांगितले तर सारवासारव वाटते. स्केलिंगच्या खुर्चीत बसण्यापूर्वी आरसा हातात देऊन, कोणता दात आत्ताच किती हलतो ते दाखवून सांगितले, तर रुग्ण तीन महिन्यांनी परत येतो. आणि परत येण्यावरच सगळे अवलंबून आहे, कारण कप्प्यांत जिवाणूंची वस्ती काही आठवड्यांतच पुन्हा जमू लागते आणि घरी दोन दातांमधली जागा छोट्या ब्रशने किंवा दोऱ्याने रोज साफ होत नसेल, तर दवाखान्यातल्या तासाभराच्या कामावर पुढच्या वर्षभरात पाणी फिरते.